पाऊणकी

वलांडीखाली उभा राहून मी वर बघतोय. बांबूच्या सांगाड्यावर दोऱ्या ताणल्यात आणि दोऱ्यांवर बोंबील जोडीजोडीनं लटकलेत, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा. कालचे अजून ओले, अर्धवट आरपार दिसणारे. परवाचे पिवळट, आखडलेले. वारा आला की वाळलेली रांग कागदासारखी वाजते, ओली रांग नुसती हलते. मंगळवारी होडीतून उतरलो तेव्हा या वासानं पोटात ढवळलं होतं. आज शुक्रवार. वास येतोय की नाही, हे आता मला मुद्दाम श्वास घेऊन बघावं लागतंय.

"मास्तर, नुसतं बघतोस काय? धर की."

मावशी पाटी पुढं सरकवतात. पहिल्या दिवशी अहो-जाहो होतं, ते बुधवारी रात्री जेवताना सुटलं. मी दोन बोंबील उचलतो. एक सुळकन निसटून वाळूत पडतो. हा मासा इतका मऊ की हातात धरलाय की सांडतोय ते कळत नाही. दात मात्र सुईसारखे, आत वळलेले, आणि त्या दातांचाच इथे उपयोग. एकाचं तोंड उघडायचं, दुसऱ्याचा खालचा जबडा त्यात सरकवायचा, किंचित फिरवायचं. दात दातांत अडकतात आणि जोडी दोरीच्या दोन बाजूंना बसते. मावशींचे हात हे करताना त्यांची नजर भलतीकडेच, शेजारणीच्या कोंबडीवर. मी पाचव्या जोडीला अंगठ्यातून रक्त काढतो.

"मीठ नाही लावत?"

"बोंबलाला नाही. वारा आणि ऊन. तीनेक दिवस." मग माझ्या अंगठ्याकडे बघून, "समुद्रात बुडव, थांबेल."

मी वसईकडच्या अर्नाळा किल्ल्यावर आहे. म्हणजे अर्नाळ्याच्या समोरच्या बेटावर; गावाचं नावही किल्लाच. सायवनच्या शाळेतून चार दिवसांची रजा काढली तेव्हा स्टाफरूममध्ये एकच प्रश्न, "एकटाच? आणि बेटावर?" कोणी अंदमान म्हणालं, कोणी मालदीव. विरार म्हटल्यावर सगळ्यांचा रस संपला. आमच्याच एका बाईंचं माहेर इथलं. त्यांनी आईला, म्हणजे या मावशींना, फोन केला, "आमच्याकडचे एक सर येतायत, राहू दे." सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन आणि लिमलेटच्या गोळ्या उरकून मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं कासा गाठलं, तिथून चारोटी, डहाणू रोड, मग विरारची लोकल. माड, वाळू, खारं वारं, ऊन हे सगळं बेटाला लागतं तेवढं इथे आहे. नारळपाण्यात छत्री खोचून देणारा माणूस तेवढा नाही.

"आज भरती किती वाजता?" मी विचारतो. मोबाइलमध्ये वेळ दिसते, तरी विचारतो, कारण मला उत्तर ऐकायचं असतं.

मावशी बोंबील न सोडता पुटपुटतात, "आज तेरस. तेरा पाऊण पावणेदहा. पावणेदहा-दहाला भरंल."

उद्या? "चौदा पाऊण साडेदहा." परवा पुनव? "पंधरा पाऊण सव्वाअकरा." तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. थोडी इकडेतिकडे होते, पण होडी चुकत नाही. शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी कधीच गेली. पाऊणकी म्हणजे काय हे मी माझ्या पाचवीच्या पोरांना विचारलं तर ती हसतील. डी.एड.ला असताना मीही हसलो होतो. मावशी चौथी शिकलेल्या. त्यांना अष्टमीचं विचारलं, "आठ पाऊण सहा. पण अष्टमीला विचारू नकोस. तेव्हा भांग. पाण्याला जोर नसतो. डोल टाकून काय उपयोग?"

डोल म्हणजे नरसाळ्यासारखं लांबलचक जाळं. रुंद तोंड पाण्याच्या ओढीकडे करून समुद्रात ते बांधून ठेवायचं. माशांच्या मागं जायचं नाही. ओढच त्यांना आत लोटते. पाणी फिरायच्या आधी, मधल्या घडीभर निवांतपणात, जाळं उचलायचं. म्हणून सगळा धंदा तिथीवर. अमावस्या-पुनवेला उधाण, ओढ जबर, पाट्या भरलेल्या. अष्टमीच्या सुमाराला भांग, माणसं जाळी शिवत बसलेली. मी आलो तो मंगळवार नेमका भांगाचा. सगळा गाव कसा निवांत वाटला होता मला! बेटावरची शांतता वगैरे वहीत लिहूनही ठेवलं. आज वाचतो तर हसू येतं. लोकांना काम नव्हतं, इतकंच.

*

दुपारी चारला पाणी लांब गेलंय. मी किल्ल्याला वळसा घालून निघतो.

तटाची भिंत तीन माणसांहून उंच, काळी, फटींतून पिंपळ फुटलेले. मोठ्या दरवाजाच्या कमानीवर दोन्ही अंगांना हत्ती आणि वाघ कोरलेत. हत्ती नीटनेटका, शास्त्रशुद्ध. वाघ मात्र आमच्याकडच्यासारखा आहे. आमच्या पाड्याच्या शिवेवर वाघोबाची लाकडी पाटी आहे, शेंदूर फासलेली. वाघबारशीला तिथं कोंबडं पडतं. तो वाघ आणि हा वाघ, दोन्ही कोरणाऱ्यांनी शेपटीवर जीव लावलाय आणि तोंडाचं जमेल तसं केलंय. मी फोटो काढतो. पोरांना दाखवीन.

वर शिलालेख आहे, त्यात बाजीरावाचं नाव. गुजरातच्या सुलतानानं इथं बांधकाम केलं, मग पोर्तुगीज आले, आणि १७३७ साली, वसईची मोहीम तापत असताना, मराठ्यांच्या बाजूच्या शंकराजी केशवच्या माणसांनी हे बेट घेतलं. वसई पडली त्यानंतर दोन वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात. नकाशा डोळ्यांपुढं आणला तर कारण दिसतं. वैतरणा इथंच समुद्राला मिळते. खाडीच्या तोंडात ज्याची तोफ, त्याला विचारल्याशिवाय आतलं लाकूड, भात, काहीच बाहेर पडत नाही. पुढे १८१८ मध्ये इंग्रज. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, या किल्ल्याच्या नावाची एक युद्धनौका नौदलात दाखल झाली, 'आयएनएस अर्नाळा'. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणारी नौका. दरवाजात पत्ते खेळणाऱ्या पोरांना मी हे सांगितलं. त्यांना माझ्याआधी माहीत होतं. एकानं मोबाइलवर तिचा व्हिडिओही दाखवला आणि परत पत्ते पिसले.

आत झाडी आहे, अष्टकोनी तळं आहे, पायऱ्या हिरव्या. त्र्यंबकेश्वराचं देऊळ आणि थोड्या अंतरावर दर्गा. तळ्याच्या काठावर एक बाई गोड्या पाण्याचा हंडा भरतेय. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये हे गोडं पाणी, याचं नवल मला मंगळवारी वाटलं होतं तेवढंच आज वाटतं. काही गोष्टींची सवय होऊ नये.

मला खरा आवडलाय तो किल्ल्याबाहेरचा एकटा बुरूज. हनुमंत बुरूज म्हणतात. तटापासून दूर, गोल, एकटाच उभा, आणि त्याला दारच नाही. शिडी लावून वर चढत असतील. मी त्याच्या सावलीत बसून भाकरी आणि जवळ्याची चटणी खातो. एकटा माणूस दिसला की इथले लोक हटकून थांबतात. आजही एक आजोबा थांबतात.

"कुठनं?"

"सायवन. डहाणू तालुका, डोंगराकडं."

"मग कुणाच्या बोटीवर लागलास?"

हा प्रश्न चौथ्यांदा. मंगळवारी होडीतून उतरताक्षणी पहिल्यांदा विचारला गेला. मला राग आला नाही. माझा चेहरा, माझी बोली, पाठीवर पिशवी आणि एकटा. यातून त्यांनी काढलेलं उत्तर बरोबरच आहे, फक्त माझ्या बाबतीत चुकलं. डहाणू म्हटलं की लोकांना चिकू आठवतो, समुद्र आठवतो. तो आमच्या तालुक्याचा पश्चिमेचा अर्धा भाग. पूर्वेला आम्ही, उतारावरची नागली-वरई. आमच्याकडून समुद्रावर माणूस जातो तो खलाशी म्हणून. पावसाळा सरता सरता बोटमालकाचा माणूस येतो, हातावर उचल ठेवतो, आणि पाड्यावरची तरणी पोरं जीपमध्ये बसून वेरावळ, पोरबंदर, ओखा. जी जात नाहीत ती दिवाळीनंतर वीटभट्टीवर. शिमग्याला ढोल वाजायला लागतो तेव्हा पाडा पुन्हा भरतो.

"फिरायला आलोय," मी म्हणतो.

"फिरायला?" आजोबा बुरुजाकडं बघतात, समुद्राकडं बघतात, मग माझ्याकडं. "बरं. फीर."

*

शनिवार. पहाटे चारला मावशी उठवतात. रात्रीच्या डोली उचललेल्या होड्या येतायत.

चंद्र पश्चिमेला उतरलाय, वाळू राखाडी. ओहोटी सुरू आहे, त्यामुळे होड्या लांबच थांबतात आणि पाट्या डोक्यावर घेऊन बायका मांडीभर पाण्यातून येतात. कोणी कोणाशी बोलत नाही. पाट्या ओतल्या की मात्र एकदम गलका. ढिगात बोंबील सगळ्यात जास्त, मग मांदेली, करदी, जवळा, मधूनमधून चांदीच्या पट्टीसारख्या वाकट्या, आणि प्लॅस्टिक. गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या, एका बाहुलीचा हात. मावशी बोटांनी इतक्या झटपट वेगळं करतात की मला पत्ते पिसणाऱ्या पोरांची आठवण येते. जवळा इकडे, मांदेली तिकडे, प्लॅस्टिक मागं. मला प्लॅस्टिकचं खातं मिळालंय. ते मला जमतं.

उजाडतं तेव्हा मी एका होडीपाशी उभा आहे. होडीवर एक पोरगा दोर आवळतोय. वीस वर्षांचा असेल नसेल. दोराचं टोक तो खुंट्याभोवती दोनदा फिरवतो, आतून काढतो, अंगठ्यानं दाबून मागं एक हिसका देतो. हिसका दिल्यावर गाठ बसते. उलट्या अंगानं ओढली की एका झटक्यात सुटते.

ही गाठ मला येते.

माझा बा अशीच शेळी बांधायचा. बैल, काटक्यांची मोळी, एकदा माझी तुटलेली चप्पलसुद्धा. पाड्यावर कोणाचीच गाठ अशी नव्हती. मी लहानपणी समजायचो, ही गाठ आमच्या घरची आहे, आमच्या बापजाद्यांची. बा वेरावळला अकरा हंगाम गेला. घरी आला की झोपायचा, भात लावायचा, तारपा ऐकायला जायचा. समुद्राचं नाव काढायचा नाही. "काय असतं तिथं?" असं विचारलं की म्हणायचा, "पाणी." मी सातवीत असताना जायचा थांबला. बोटांच्या पेरांवर पांढरे वण राहिले, ते नायलॉनच्या दोराचे असतात हे मला काल कळलं, मावशींच्या मुलाचे हात बघून.

"कुठला रे तू?" मी पोराला विचारतो.

"उधवा."

उधवा म्हणजे तलासरी तालुका, आमच्यापासून हाकेवर नसलं तरी आमच्यातलंच. मी सायवन म्हणताच तो बोली बदलतो आणि पहिल्यांदा हसतो. इथे तिसरं वर्ष. आधी एक हंगाम ओख्याला होता. परत गेला नाही. का, तर त्याच्या मागच्या बोटीला पलीकडच्यांनी उचललं. समुद्रात रेषा आखलेली नसते. इंजिन बिघडलं, ओढ लागली, किंवा मासळीच्या मागं गेलं की पाकिस्तानच्या सागरी दलाची बोट येते आणि माणसं कराचीला. त्या बोटी गुजरातच्या असतात, माणसं पुष्कळदा डहाणू-तलासरीची. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना आपल्याकडच्या कैद्यांच्या याद्या देतात. वर्तमानपत्रात ती दोन ओळींची बातमी असते, आकडा आणि एक वाक्य. आमच्याकडं काही घरांत तेवढ्या दोन ओळींसाठी पेपर मास्तरकडे घेऊन येतात. मी वाचून दाखवतो. नावं पेपरात नसतात.

पोरगा बोलत नाही पुढं. मी दोर हातात घेतो, खुंट्याभोवती दोनदा फिरवतो, हिसका देतो. तो गाठ तपासतो.

"बरी हाये," म्हणतो. "पण उलटी मारलीस. तू डावखुरा काय?"

बा डावखुरा होता.

*

संध्याकाळी मावशी मला बेटाच्या समुद्राकडच्या बाजूला नेतात. काही दाखवायचं असलं की त्या आधी सांगत नाहीत, फक्त "चल" म्हणतात. घराची मागची भिंत, मग उतार, मग दगडांचा ढीग, मग पाणी.

"तिथं माझं अंगण होतं," पाण्याकडं बोट करून म्हणतात. "तिथं तुळस. त्याच्या पलीकडं दिराचं घर."

मी बोटाच्या दिशेनं बघतो. दोन बगळे उभे आहेत. दरवर्षीच्या पावसाळ्यात समुद्र थोडी थोडी जमीन खातो. बंधाऱ्याची मागणी जुनीच. मावशींचा आवाज तक्रारीचा नाही. गावात कुठली गल्ली कुठं जाते ते सांगावं तसा आहे. मग त्या उत्तरेकडं वळतात, वैतरणेच्या तोंडाकडं. पलीकडे दातिवऱ्याचा किनारा, मध्ये मातकट पाणी.

"ही तुझ्याकडनंच येते ना?"

वैतरणा नाही, पण सूर्या येते. कासाजवळून जाणारी सूर्या पुढे वैतरणेला मिळते, आणि वैतरणा इथं. म्हणजे मी मंगळवारी एसटी, लोकल आणि बस असे तीन खर्च करून जिथं पोचलो, तिथं ती फुकट येते. खरं तर आता पूर्ण येतही नाही. धामणीच्या धरणात अडते, आणि मासवणहून पाइपानं वसई-विरारच्या इमारतींना जाते. आमच्याकडच्या पाड्यांवर मार्चपासून बाया हंडे घेऊन डोहाकडं जातात आणि विरारच्या सातव्या मजल्यावर सूर्या नळाला येते. यावर मी एकदा जिल्ह्याच्या बैठकीत तावातावानं बोललो होतो. इथं, या मातकट पाण्यासमोर, बोलावंसं वाटत नाही. मावशींचं अंगण कोणत्या बैठकीत मांडायचं?

"उद्या सव्वाअकराला भरंल," त्या म्हणतात. "दहाच्या होडीनं जा. पाणी जवळ असतं, पँट भिजणार नाही."

*

रविवार, पुनव.

मावशींनी पिशवी भरलीय. सुके बोंबील शंभर, मोजून. कागदात गुंडाळलेला जवळा. वर माझे कपडे, म्हणजे वास वरपर्यंत येईल. पैसे घेत नाहीत. मी दोनदा पुढं करतो, तिसऱ्यांदा करायची हिंमत होत नाही. "बाईंना सांग, शिमग्याआधी येऊन जा. आणि सांग, सर पाटीतलं प्लॅस्टिक चांगलं वेचतात."

भरती आहे खरी. परवा जिथं बसून भाकरी खाल्ली तिथवर पाणी आलंय. बुरूज घोटाभर पाण्यात. होडी जवळच लागलीय, तरी चढताना लाट येते आणि पँट गुडघ्यापर्यंत भिजते. बायका हसतात. पाट्या, टोपल्या, सायकल, एक बकरी, दवाखान्यात निघालेली गरोदर मुलगी आणि तिची सासू. उधव्याचा पोरगाही आहे. अर्नाळ्यात इंजिनचा कुठला तरी भाग आणायला निघालाय. माझ्याशेजारी बसतो.

"झाली तुझी फिरी?"

"झाली."

"काय बघितलंस?"

मला बा आठवतो, आणि मी "पाणी" म्हणायच्या बेतात असतो. पण पोरगा उत्तराची वाट बघत नाही. खिशातून एक छोटी, घट्ट बांधलेली पुडी काढतो. "जवळा हाये. उधव्याच्या नाक्यावर माझ्या आईला दे. तिथं कुणालाबी विचार, बोटीवरचा पोरगा कोणाचा म्हणून." मग स्वतःच हसतो. "नको, तिथं घरटी एक हाये. थांब, नाव लिहून देतो." होडीवाल्याकडून पेन मागतो आणि कागदावर आईचं नाव लिहितो. शेवटच्या अक्षराची वेलांटी चुकलीय. मी दुरुस्त करत नाही.

इंजिन सुरू होतं. किल्ल्याची भिंत मागं सरकते, मग माड, मग वलांड्या, दुरून त्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या, ज्यात काहीच अडकलेलं नाही अशा दिसतात. बकरी ओरडते. पोरगा पाण्यात हात घालून बसलाय.

"सावरी फुलल्या का तिकडं?"

मी आठवून बघतो. मंगळवारी पहाटे खिडकीला काचा नसलेल्या एसटीत, मफलर कानाला गुंडाळून, मी बाहेर बघत होतो. "कासाच्या अलीकडं एक फुललेली दिसली," मी म्हणतो. "बाकीच्यांना नुसत्या कळ्या."

"रस्त्याच्या डाव्या अंगाला? मोठी?"

"डाव्या."

"ती दरसाल आधी फुलते," तो म्हणतो, आणि हात पाण्यातून काढून दोर सोडायला उठतो.